पाठलाग करणारा टू बीएचके

हल्ली पुण्यात तुम्ही घर बघायला सुरुवात केलीत की घरच तुमच्याकडे बघायला लागतं. एकदा, अगदी एकदाच, रावेत किंवा पुनावळ्याच्या एखाद्या प्रोजेक्टची वेबसाइट उघडा. फ्लोअर प्लॅन बघा, किंमत बघा, "बापरे!" म्हणा आणि टॅब बंद करा. झालं! पुढचे दोन महिने क्रिकेटचा स्कोअर बघताना, ट्रेनचं वेटिंग तपासताना, उकडीच्या मोदकांची रेसिपी शोधताना तीच बाल्कनी, तोच निळाशार स्विमिंग पूल आणि पुलाच्या कडेला तेच हसरं कुटुंब (ज्यातलं कोणीही कधी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं नाही हे चेहऱ्यावरून कळतं). ह्या प्रकाराला रिटार्गेटिंग म्हणतात.

आता मी काही जाहिरातवाला नाही. माझी नोकरी सॉफ्टवेअरची. पण माझा मामा बिल्डर आहे. होर्डिंगवाला मोठा बिल्डर नव्हे. चोवीस फ्लॅटची एक बिल्डिंग संपली की दुसरी हातात घेणारा. त्याची वेबसाइट मी सांभाळतो, जाहिराती एक एजन्सी सांभाळते आणि दर महिन्याला एजन्सीचा रंगीत रिपोर्ट आला की मामा तो मला फॉरवर्ड करतो. खाली एकच ओळ असते, "हे नक्की काय आहे?" गेली चारेक वर्षं हे रिपोर्ट वाचून माझं जे मत झालंय ते आज लिहितोय.

आधी हे चालतं कसं ते थोडक्यात. बिल्डरच्या पानावर जाहिरात नेटवर्कच्या कोडचा एक छोटासा तुकडा असतो, त्याला पिक्सेल म्हणतात. पान उघडलं की तुमचा ब्राउझर गुपचूप त्या नेटवर्कला निरोप देतो की अमुक कुकी असलेला माणूस इथे येऊन गेला. तुमचा नंबर यादीत पडतो. मग तुम्ही दुसऱ्याच कुठल्या पानावर गेलात की तिथल्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव होतो, पापणी लवायच्या आत. ज्याच्या यादीत तुम्ही आहात तो चढी बोली लावतो आणि बाल्कनी हजर. गूगलने हे २०१० मध्ये सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हापासून बूट विकणाऱ्यापासून विमानाची तिकिटं विकणाऱ्यापर्यंत सगळे हेच करतात.

कागदावर बघितलं तर घरांच्या धंद्यासाठी हे हत्यार अगदी मापात बसतं. बुटाचा निर्णय दहा मिनिटांत होतो, घराचा सहा-आठ महिने चालतो. एवढ्या काळात माणूस आपल्याला विसरू नये ही बिल्डरची साधी गरज. आणि पैशांचं गणितही बरोबर आहे. सत्तर लाखांच्या फ्लॅटवर चॅनल पार्टनरला दोन टक्के म्हटले तरी १ लाख ४० हजार जातात. त्यापुढे बॅनरचा खर्च म्हणजे चहापाणी. मामाचं म्हणणं हेच होतं आणि ते चुकीचं नव्हतं.

गोची रिपोर्टमध्ये आहे. रिपोर्टात एक कॉलम असतो: जाहिरात नुसती 'दिसली', क्लिक केली नाही, पण नंतर माणसाने येऊन फॉर्म भरला. हे यश जाहिरातीच्या खात्यावर! अरे, पण ती जाहिरात दिसली कोणाला? जे आधीच साइटवर येऊन गेले, ज्यांनी किंमत बघितली, त्यांनाच ना? म्हणजे मुळात जे परत येण्याची सगळ्यात जास्त शक्यता होती तेच लोक निवडायचे आणि ते परत आले की म्हणायचं, बघा आम्ही आणले! एसटी स्टँडवर बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "कुठं जायचंय साहेब?" विचारायचं आणि तो गाडीत बसला की त्याला आपणच प्रवासाला काढलं असं सांगायचं, त्यातला प्रकार.

हे काही माझंच डोकं नाही. ईबेने २०१२ च्या सुमारास आपल्याच नावाच्या सर्चवरच्या जाहिराती काही काळ बंद करून बघितल्या आणि गिऱ्हाईक जवळपास तेवढंच येत राहिलं, फुकटच्या लिंकवरून. ब्लेक, नोस्को आणि टॅडेलिस ह्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर पेपर लिहिला. रिटार्गेटिंगवर लँब्रेख्त आणि टकर ह्या दोघींचा २०१३ चा अभ्यास मला त्याहून उपयोगी वाटतो. एका प्रवास कंपनीच्या ग्राहकांना त्यांनी दोन प्रकारच्या जाहिराती दाखवल्या: एकात ग्राहकाने बघितलेलं नेमकं हॉटेल, दुसऱ्यात नुसता कंपनीचा ब्रँड. सरासरीने नेमक्या हॉटेलची जाहिरात कमी चालली! ती चालली कधी, तर ग्राहक रिव्ह्यू वगैरे वाचून, आपल्याला काय हवंय ते ठरवून आला होता तेव्हा. आता हे घराला लावून बघा. पहिल्या आठवड्यात ज्याला वाकड की बाणेर हेच ठरवता आलेलं नाही त्याच्या डोळ्यांसमोर 'बी विंग, सातवा मजला, पूर्वाभिमुख' नाचवून काय उपयोग? त्याला आधी एवढंच कळू दे की हा बिल्डर कोण, ह्याने आधीची बिल्डिंग वेळेवर दिली का. एजन्सी मात्र पहिल्याच दिवसापासून सातवा मजला दाखवते, कारण ते सेटिंग आयतं मिळतं.

मग मी मामाच्या साइटवर एक साधा प्रयोग केला. येणाऱ्या प्रत्येक ब्राउझरला एक रँडम आकडा दिला. सम आला तर पिक्सेल चालू, विषम आला तर बंद. फॉर्ममध्ये तो आकडा लपवून पाठवायचा. दहा-बारा ओळींचं जावास्क्रिप्ट, बस्स. तीन महिन्यांनी फॉर्म भरणाऱ्यांत सम आणि विषम जवळपास सारखेच होते. चोवीस फ्लॅटच्या प्रोजेक्टला येणारे फॉर्म ते किती, एवढ्यावरून छातीठोकपणे सांगणं संख्याशास्त्रात बसत नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण रिपोर्टातला 'आम्ही आणलेल्या' लोकांचा डोंगरही त्या आकड्यांत कुठे दिसला नाही. मामाने एजन्सीला विचारलं. एजन्सीने पुढच्या महिन्यात रिपोर्टात आणखी दोन रंग घातले :)

ह्याचं एक कारण मला नीट पटलंय. पिक्सेलला दिसतो एक ब्राउझर, आणि घर कधीच एक ब्राउझर घेत नाही. आपल्याकडे घर म्हणजे कमिटीचं काम. नवरा ऑफिसच्या लॅपटॉपवर दुपारच्या जेवणाच्या वेळात बघतो. बायको फोनवर शाळा आणि पाण्याचे टँकर शोधते. सोलापूरचे बाबा "रजिस्ट्रेशनला मी येतो, त्याआधी सही करू नका" म्हणतात. सासूबाईंना तळमजला नको असतो, पण लिफ्ट बंद पडली तर म्हणून पाचव्याच्या वरही नको असतो. बँकेत काम करणारा एक मेव्हणा असतोच, तो कर्जाचा हप्ता काढून देतो आणि सगळ्यांना गप्प करतो. ह्यातल्या एकाच्याच मागे बाल्कनी लागते. आणि बहुधा ज्याचं मत सगळ्यात कमी चालतं त्याच्या. मामा फोनवर ओळखतो की निर्णय कोणाचा आहे. "सर, वहिनींना घेऊन या रविवारी," हे त्याचं वाक्य कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा जास्त फ्लॅट विकतं.

इथपर्यंत ठीक आहे, पैसे वायाच जातात ना, जाऊ देत. पण काही वेळा प्रकरण गमतीचं राहत नाही.

माझ्या ऑफिसातल्या एकाचं सांगतो. एकत्र कुटुंब, दोन वर्षांचं लग्न, नवरा-बायकोने वेगळं राहायचं हळूहळू ठरवलेलं. भांडण नव्हतं, पण घरी सांगायला योग्य वेळ शोधत होते. घरातल्या टॅबवर त्याचंच गूगल अकाउंट होतं, वडील त्यावर बातम्या वाचत. आठवडाभर बातम्यांच्या मधोमध 'तुमचं स्वप्नातलं घर अजून वाट बघतंय' असं येत राहिलं. वडील काही बोलले नाहीत. रविवारी जेवताना एवढंच म्हणाले, "रावेतला पाण्याचा प्रॉब्लेम आहे म्हणतात." ताटावरचं कोणी पुढे जेवलं नाही. आता ह्यात बिल्डरचा हेतू वाईट होता का? नाही. एजन्सीचा? नाही. पण नवरा-बायकोने ठरवायचं होतं ते, कधी सांगायचं ते, एका लिलावाने ठरवून टाकलं. घर शोधणं ही बूट शोधण्यासारखी गोष्ट नाही. त्यामागे लग्न असतं, वाटण्या असतात, आजारपण असतं, कधी घटस्फोट असतो. डॉक्टर आपल्या पेशंटची फाइल वेटिंग रूममध्ये उघडी ठेवत नाही. तेवढा विचार इथे कोणी केलेला नाही.

दुसरा किस्सा मामाचा स्वतःचा. फेब्रुवारीत एका गृहस्थांनी फ्लॅट बुक केला. एजन्सीने बुकिंग झालेल्यांना यादीतून वगळलंच नव्हतं. पाडव्याच्या आधी गृहस्थांच्या फोनवर त्याच बिल्डिंगची जाहिरात: गुढीपाडव्यानिमित्त मॉड्युलर किचन मोफत! ते फोन घेऊन थेट ऑफिसात. "आम्ही काय पाप केलं?" मामाने चहा मागवला आणि किचन दिलं. त्या महिन्याचा जाहिरातीचा खर्च त्या एका किचनपुढे किरकोळ होता. वगळण्याची यादी लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण रिपोर्टात त्याचा कॉलम नाही.

आणि ते 'फक्त ३ फ्लॅट शिल्लक'! मी ज्या ज्या बॅनरवर हे वाचलंय तिथे महिनोन्महिने तीनच शिल्लक असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न्स'ची तेरा प्रकारांची यादी काढली, त्यात खोटी घाई दाखवणं हा प्रकार आहे. रेरा कायद्याचं कलम १२ तर जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याला भरपाईचा हक्क देतं. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, ही चांगलीच गोष्ट. आता माझ्याच फोनवर आलेल्या इवल्याशा बॅनरमधला कोड मी कुठल्या फोनने स्कॅन करायचा हे मला कोणीतरी सांगा. बायकोचा फोन मागायचा, की कमिटी बोलवायची?

एक गोष्ट आपल्याकडे कोणी फारशी बोलत नाही. जो यादीत लोक घालू शकतो तो यादीतून लोक काढूही शकतो. अमेरिकेत २०१९ मध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्याने फेसबुकवर ह्याच मुद्द्यावरून आरोप ठेवले; त्याच वर्षी झालेल्या एका तडजोडीनंतर फेसबुकला तिथे घरांच्या जाहिरातींसाठी वय, लिंग, पिनकोड वापरून लोक निवडणं बंद करावं लागलं. आपल्या शहरांत 'कोणाला घर द्यायचं नाही' ह्याचे अलिखित नियम आपल्याला सगळ्यांना माहीत आहेत. गेटवर पाटी लावली तर निदान फोटो काढता येतो. जी जाहिरात तुम्हाला कधी दिसलीच नाही तिचा स्क्रीनशॉट कसा काढणार?

'कुकी आता संपणार' असं आम्ही आयटीवाले बरीच वर्षं ऐकतोय. सफारीने २०२० मध्ये थर्ड पार्टी कुकी पूर्ण बंद केल्या. गूगलने त्याच वर्षी क्रोमसाठी तशी घोषणा केली, पुढे ढकलली, पुन्हा ढकलली आणि २०२४ मध्ये बेत सोडून दिला. दरम्यान एजन्सी दुसऱ्या वाटेने गेल्या: फोन नंबरच अपलोड करायचे. "हॅश करून पाठवतो, काळजी नसावी," असं सांगतात. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि सहा ते नऊने सुरू होणारे. म्हणजे सगळे मिळून चारशे कोटी शक्यता. गेमिंगचं ग्राफिक कार्ड असलेला कॉलेजातला पोरगाही काही मिनिटांत सगळ्यांचे हॅश काढून जुळवून बघेल. काळजी असावी.

म्हणून रिटार्गेटिंग बंदच करा असं मी मामाला सांगितलेलं नाही. त्याच्या साइटवर ते आता तीस दिवस चालतं, दिवसाला जास्तीत जास्त दोनदा दिसतं आणि फोटो असतो तो चालू महिन्यात पडलेल्या स्लॅबचा, खाली महारेरा नंबर. हसरं कुटुंब काढून टाकलं. जे साइट बघून गेले आणि ज्यांनी स्वतः "कळवत जा" म्हटलं, त्यांना दर महिन्याला बांधकामाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. त्यातले काही तो फोटो सोलापूरला फॉरवर्ड करतात, हे मामाला नंतर आलेल्या फोनवरून कळतं.

राहता राहिली ती ऑफिसातली एक्सेल. चार वर्षांत येऊन गेलेल्या प्रत्येकाचं नाव, नंबर, बजेट आणि शेवटच्या कॉलममध्ये मामाच्या माणसाने लिहिलेले शेरे: 'वडील नाही म्हणतात', 'लोन नाकारलं', 'मुलगी बघतायत, मग घेणार'. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या मुख्य तरतुदींना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. एजन्सीने दोनदा ती फाइल मागितली. मामाने अजून दिलेली नाही. मी म्हटलं, शेवटचा कॉलम तरी आत्ताच उडवून टाकू. मामा म्हणाला, "थांब रे, त्यातल्या एकाचं लोन मंजूर झालं का ते एकदा विचारायचंय."