आजोबांना ‘आर’ का नको?



सहावी-सातवीच्या इंग्रजीच्या वह्यांत एक वाक्य दर वर्षी भेटते : ‘माय ग्रँडफादर आर टॉल.’ त्यावर लाल फुली मारून मोकळे होणे मला पटत नाही. घरात ‘आजोबा उंच आहे’ म्हणून बघा, कोणीतरी कान धरीलच! मोठ्या माणसाला आपण बहुवचन देतो. इंग्रजीत ती रीत नाही. तिथे एक माणूस तो एकच, मग आजोबा असोत, सरपंच असोत की कलेक्टर. म्हणून ‘माय ग्रँडफादर इज टॉल’ असेच लिहावे. “पण गुरुजी, बरं वाटत नाही,” असे एक मुलगा म्हणाला. त्याचेही खरेच आहे.

माझे मत असे, की माणसाच्या दिसण्याचे वर्णन करताना आपल्या पुष्कळशा चुका मराठीच्या सवयीने होतात. तेव्हा ती सवय नीट समजून घ्यावी, नियम नुसते घोकू नयेत. आई उंच आहे, आईला लांब केस आहेत. आपले काम एका ‘आहे’वर भागते. इंग्रजीत त्याची वाटणी होते. ‘शी इज टॉल’, पण ‘शी हॅज लाँग ब्लॅक हेअर’. ‘शी इज हॅविंग’ म्हणू नये. केस हजार असले तरी डोक्यावरचे सगळे मिळून ‘हेअर’च, ‘हेअर्स’ नाही. लाँग आधी, ब्लॅक नंतर. उंच माणूस ‘टॉल’, त्याला ‘लाँग’ म्हणाल तर दोरी वाटेल. आजीचे पिकलेले केस आपण पांढरे म्हणतो, इंग्रजीत बहुधा ‘ग्रे’ म्हणतात. आणि ‘ती दिसायला कशी आहे?’ याला ‘हाऊ इज शी?’ चालत नाही, ती तब्येतीची चौकशी झाली. ‘व्हॉट डज शी लुक लाइक?’ असे विचारावे.

आता माझी खरी तक्रार. ‘माय मदर’ लिहायला सांगितले की सगळा वर्ग गाइडातला उतारा उतरवतो. सगळ्यांची आई ‘फेअर’ आणि ‘ब्यूटिफुल’! व्याकरण अगदी चोख, पण त्यात तुमची आई कुठे आहे? सावळ्या आईला ‘शी इज डार्क’ लिहायला लाज कसली? ‘माय ग्रँडमदर हॅज अ टॅटू ऑन हर फोरहेड. शी वेअर्स अ नाइन-यार्ड सारी.’ आजीचे गोंदण आणि लुगडे गाइडवाल्याला कुठून ठाऊक असणार?

मात्र वर्गात कुणाला उभे करून ‘ही इज फॅट’चा नमुना दाखवणे मी चालू देणार नाही. ते वाक्य व्याकरणाने बरोबर असले तरी!

येत्या शनिवारी प्रत्येकाने घरच्या एका माणसावर पाच ओळी आणाव्यात. त्या याच फळ्यावर लावू. गाइड घरी ठेवावे.