विश्लेषण : गावात इंटरनेट आले, पण शाळा-दवाखान्याचे बिल कोण भरणार?

ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना ‘भारतनेट’मधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा केंद्रीय अर्थसंकल्पात १ फेब्रुवारी २०२५ रोजी झाली. ऑनलाइन शिक्षण आणि टेलिमेडिसिन गावापर्यंत नेण्यासाठी ती महत्त्वाची आहे. पण केबल एकदा टाकून भागत नाही. दरमहा बिल, वीज, दुरुस्ती आणि यंत्र हाताळणारा माणूस, हा खर्च कोण उचलणार यावर अशा योजनांचे यश ठरते.

निधी येतो कुठून?

भारतनेटचा पैसा ‘डिजिटल भारत निधी’तून येतो. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते. २००२ पासून चालत आलेल्या ‘युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड’चे हे नवे नाव असून, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ते दिले. म्हणजे आपण भरलेल्या रिचार्जमधला छोटासा वाटा खेड्यांच्या जोडणीसाठी जातो.

शाळेतील संगणकांचा पैसा ‘समग्र शिक्षा’तून, तर आरोग्य केंद्रांचा बराचसा ‘राष्ट्रीय आरोग्य अभियाना’तून येतो. महाराष्ट्रासारख्या राज्यांत या दोन्हींत केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के असतो. थोडक्यात, केबल एका खात्याची, संगणक दुसऱ्याचा आणि दवाखाना तिसऱ्याचा.

भारतनेट कुठवर पोहोचले?

योजनेला मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०११ मध्ये. अडीच लाख ग्रामपंचायती २०१३ पर्यंत जोडायच्या होत्या. मुदत वारंवार वाढली. आता २ लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ असल्याचे सरकार सांगते. मात्र सज्ज म्हणजे तिथपर्यंत केबल आणि यंत्र पोहोचले. ते रोज चालू असते आणि वापरले जाते, असा त्याचा अर्थ होत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. यात एक चांगला बदल आहे. केबल टाकणाऱ्या कंपनीवरच पुढील १० वर्षे देखभालीची जबाबदारी आहे. शिवाय केबल सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जाळ्यात टाकायची आहे. त्यामुळे रस्त्याच्या कामात एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहू शकते.

ई-संजीवनीचे गणित काय?

केंद्राची ‘ई-संजीवनी’ सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर १० कोटी सल्ल्यांचा टप्पा पार झाला. रुग्ण गावाजवळच्या उपकेंद्रात जातो. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी त्याला तपासून व्हिडीओवरून डॉक्टरांशी जोडून देतात. डॉक्टर औषधे लिहून देतात आणि ती केंद्रातच मिळणे अपेक्षित असते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटातल्या रुग्णाचा तालुक्याच्या गावी जाण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी त्यातून वाचते.

अडचण इथेच आहे. अर्थसंकल्पातील घोषणा प्राथमिक आरोग्य केंद्रांपुरती आहे. असे केंद्र साधारण ३० हजार लोकसंख्येमागे एक, आदिवासी आणि डोंगराळ भागांत २० हजारांमागे एक असते. या केंद्रात सहसा डॉक्टर असतात. डॉक्टर नसतात ते ५ हजार किंवा ३ हजार लोकसंख्येमागच्या उपकेंद्रात, आणि टेलिमेडिसिनची खरी गरजही तिथेच असते. शाळांचेही तसेच. घोषणा माध्यमिक शाळांसाठी आहे, तर जिल्हा परिषदांच्या बहुसंख्य शाळा प्राथमिक आहेत.

शाळेच्या हाती किती पैसे?

‘यूडायस प्लस’च्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातील ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. आदल्या वर्षी हे प्रमाण ५३.९ टक्के होते. वाढ चांगली आहे, पण तिसऱ्या हिश्शाहून अधिक शाळा अजून बाहेरच आहेत.

समग्र शिक्षातून संगणक कक्षासाठी एका शाळेला एकदाच ६.४० लाखांपर्यंत आणि नंतर पाच वर्षे दरवर्षी २.४० लाखांपर्यंत निधी मिळू शकतो. पाच वर्षांनंतर काय, हा प्रश्न उरतो. ज्यांना ही मदत मिळत नाही, त्यांच्याकडे उरते संयुक्त शाळा अनुदान. ३० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला ते वर्षाला १० हजार रुपये आहे. खडू, वीज, पाणी, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि इंटरनेट, सगळे त्यातच. बिल थकल्याने शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत.

एज्युसॅटने काय शिकवले?

दूरशिक्षणासाठी भारताने २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा खास उपग्रह सोडला. उपग्रहाने २०१० पर्यंत काम केले. पण ‘कॅग’च्या तपासणीत जोडणी, अभ्याससाहित्य आणि व्यवस्थापन या तिन्ही बाबतींत त्रुटी आढळल्या. दोष आकाशातल्या यंत्राचा नव्हता, जमिनीवरच्या व्यवस्थेचा होता.

अमेरिकेत काय वेगळे?

तिथे दोन प्रकारचा पैसा आहे. कृषी खात्याची ‘डिस्टन्स लर्निंग अँड टेलिमेडिसिन’ योजना २० हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या भागांना मुख्यतः उपकरणांसाठी अनुदान देते. संस्थेला किमान १५ टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो आणि शिक्षक-डॉक्टरांच्या पगारासाठी हा पैसा वापरता येत नाही. दुसरा पैसा दूरसंचार कंपन्यांकडून गोळा होणाऱ्या निधीचा. त्यातून शाळांना इंटरनेट बिलात २० ते ९० टक्के सवलत मिळते. ग्रामीण दवाखान्यांच्या एका योजनेत ती ६५ टक्के आहे. या निधीची वैधता तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये कायम ठेवली.

भारतातही निधी दूरसंचार कंपन्यांकडूनच येतो. फरक असा की आपल्याकडे तो प्रामुख्याने जाळे उभारण्यावर खर्च होतो.

पुढे काय पाहायला हवे?

डिजिटल भारत निधीतूनच शाळा आणि उपकेंद्रांच्या मासिक बिलाचा काही भार उचलणे हा एक मार्ग आहे. दुसरा, प्रगती मोजताना ‘किती जोडल्या’ऐवजी ‘महिन्यात किती दिवस चालू होते’ हे प्रत्येक शाळा आणि उपकेंद्रानुसार जाहीर करणे. ग्रामसभेलाही हा प्रश्न विचारता येतो. पंचायत कार्यालयातली केबल शाळेपर्यंत आणि उपकेंद्रापर्यंत गेली का, आणि तिचे बिल कोणत्या खात्यातून भरले जाते, एवढे कळले तरी आपल्या गावात योजनेचे काय चालले आहे ते समजते.