जॅक आणि शिपाई

दिवाळी अंकासाठी या सदरात काहीतरी खुसखुशीत लिहावे, अशी संपादकांची दरवर्षी अपेक्षा असते, आणि चकलीपासून आकाशकंदिलापर्यंत नाना विषयांवर लिहून मी ती आजवर बऱ्यापैकी पुरी केली आहे. यंदा मात्र तीन-साडेतीन महिने माझ्या डोक्यात एकच विषय घोळतो आहे आणि तो फराळाच्या ताटात वाढण्यासारखा नाही. तीन चाकांची गाडी घरच्या अंगणात उचलावी कशी, हा तो विषय. मराठी शिकवणाऱ्या माणसाने असल्या गोष्टीत नाक कशाला खुपसावे, असे कोणी विचारील. मीही खुपसले नसते. पण गेल्या आषाढात माझ्या भाच्याच्या हातावर त्याचा ऑटो पडला, आणि ज्या विटांवरून तो पडला त्या मीच दिल्या होत्या.

आमच्या अकोटात 'रिक्षा आली' असे कोणी म्हणत नाही. 'ऑटो आला' म्हणतात. पुण्याची रिक्षा स्त्रीलिंगी, आमचा ऑटो पुल्लिंगी. वर्गात नामाचे लिंग शिकवताना हे उदाहरण मी हमखास देतो. भाचा माझ्याच वर्गात बसून बी. ए. झाला. नोकरीसाठी तीन वर्षे अर्ज केले आणि मग एक दिवस जुना ऑटो घेऊन दारात उभा राहिला. आता हिवरखेड, पोपटखेडच्या रस्त्यांवर उतारू नेतो-आणतो. घरी आमची आक्का, म्हणजे त्याची आई, आणि दर महिन्याचा बँकेचा हप्ता. त्यामुळे चिल्लर दुरुस्तीसाठी मिस्तरीकडे जाणे त्याला परवडत नाही. पंक्चर, ब्रेकची लायनिंग, चाकाचे ग्रीस ही कामे तो माझ्या अंगणात करतो.

त्या सकाळी भुरभुर पाऊस होता. मागच्या चाकाची लायनिंग बदलायची होती. मित्राच्या मोटारीचा जॅक त्याने मागून आणला होता. चाक उचलले गेले आणि तो म्हणाला, "मामा, टेकू द्याले काही आहे का जी?" न्हाणीघर बांधले तेव्हाच्या आठ-दहा विटा कोपऱ्यात पडल्या होत्या. मी मोठ्या तत्परतेने चार उचलून आणल्या, एकावर एक रचल्या, आणि वर्तमानपत्र वाचायला ओसरीवर जाऊन बसलो. दहा मिनिटांत 'कट्' असा आवाज झाला. मोठा नव्हता, सुपारी फुटावी एवढाच. त्यानंतर भाच्याची हाक आली. तीही मोठी नव्हती. "मामा, लवकर या."

शेजारच्या दोघांनी धावत येऊन ऑटो उचलून धरला आणि हात निघाला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सापडले होते. सहा टाके, प्लास्टर आणि पाच आठवडे घरी. दिवसाला पाचशे रुपये सुटतात असे धरले तरी पंधरा हजारांहून अधिक बुडाले. बँकेचा हप्ता काही त्याच्या बोटासाठी थांबला नाही. आक्का मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

प्लास्टर निघेपर्यंत मला दुसरे काही सुचेना. मी चौकशीला लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात एवढे कळले की या विषयावर अकोटातला प्रत्येक इसम अधिकारी आहे. एक म्हणाले, "कायले पायजे जॅक? चार पोट्टे बोलवा, ऑटो आडवा करा." हा प्रकार रस्त्यावर आपण सारेच पाहतो. ऑटो कुशीवर कलंडवतात, खाली दगड घालतात आणि पंक्चर काढतात. पण आडव्या गाडीतून पेट्रोल आणि बॅटरीचे आम्ल सांडते, आणि चार पोट्ट्यांपैकी एकाचा मोबाइल वाजला की उरलेल्या तिघांवर भार येतो. दुसऱ्यांनी गॅरेजासारखा खड्डा खणायचा सल्ला दिला. आमच्या काळ्या मातीत पक्के बांधकाम न करता खड्डा खणला तर पहिल्या पावसात त्याची विहीर होते आणि दुसऱ्या पावसात भिंती आत येतात. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्याच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहत बसते. भाच्याने मोबाइलवर मोटारसायकल उचलण्याचे टेबल दाखवले. दिसायला झकास, किंमत पाहून डोळे फिरले. आणि ते दोन चाकांच्या एका रेघेसाठी केलेले असल्याने ऑटोची मागची दोन चाके त्यावर मावणारच नव्हती.

तीन चाकांचे हे वाहन मुळात मोटारीच्या कुळातले नाहीच. ते स्कूटरचे भावंड आहे. इटलीत पियाज्जो कंपनीने १९४६ साली व्हेस्पा ही स्कूटर काढली आणि १९४८ साली तिलाच मागे दोन चाके जोडून आपे हे मालवाहू वाहन केले. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. त्या मधमाशीचा कारखाना आता आपल्या बारामतीत आहे. आपल्याकडे १९४८ पासून बाहेरून आणलेल्या दुचाकी-तिचाकी विकणारी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या नावाची. जमनालाल बजाज त्यांच्याच घरात दत्तक आले. पुढे १९५९ साली या वाहनांच्या उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला आणि बजाजचा ऑटो देशभर झाला. म्हणजे या गाडीच्या पत्रिकेत आमच्या विदर्भाचेही एक घर आहे.

हे कूळ सांगण्याचे कारण असे की स्कूटरचे गुणदोष ऑटोत उतरले आहेत. गाडी हलकी, बनावटीप्रमाणे रिकामी साधारण तीनशे ते साडेचारशे किलोंची. चाके लहान आणि पोट जमिनीजवळ. इंजिन मागे, त्यामुळे भारही मागे. मागचे एक चाक उचलायचे म्हणजे दीडशे किलोंच्या आसपास वजन उचलायचे. त्यामुळे दुकानदार 'दोन टनांचा घ्या, तीन टनांचा घ्या' म्हणून जी चढाओढ करतो तिला काही अर्थ नाही. दोन टन पुष्कळ झाले. विचारायचे ते निराळेच.

पहिला प्रश्न उंचीचा. बाटलीसारखा दिसणारा तेलाचा जॅक मिटलेला असतानाही सहा-सात इंच उंच असतो. चाकात हवा असताना तो ऑटोखाली जाईलही. पण पंक्चर झालेल्या ऑटोचे पोट आणखी खाली येते आणि मग नेमक्या गरजेच्या वेळी बाटली बाहेरच राहते. म्हणून हवा सोडून, सांगाड्याच्या ज्या भक्कम जागी जॅक लावायचा त्या जागेची उंची पट्टीने मोजावी आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून दुकानात जावे. ती जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते. पत्र्याच्या तळाला जॅक लावला तर पत्राच दुमडतो. कात्रीसारखा उघडणारा स्क्रूचा जॅक मिटल्यावर बराच बुटका होतो आणि स्वस्तही असतो. फिरवायला वेळ लागतो, पण त्याचे आटे वजन धरून ठेवतात. तेलाचा जॅक भराभर चढतो. मात्र आतले रबर झिजले की तेल हळूहळू परतते आणि गाडी न सांगता खाली येऊ लागते.

दुसरा प्रश्न जमिनीचा, आणि हा खास आमच्या वऱ्हाडाचा. कपाशी पिकवणारी ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्या दिवशी विटा ठेवल्या होत्या त्या भिजलेल्या मातीवरच. खालची वीट एका कडेने रुतली, वरचीवर भार तिरका आला आणि ती फुटली. वीट भिंतीत कितीही भार सोसते, कारण तो सगळ्या अंगावर सारखा पसरलेला असतो. लोखंडाची एक कड टोचली की ती तडकते, आणि तडकण्याआधी लाकडासारखी करकरत नाही. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचेही तेच. जॅकचा तळ चार इंच बाय चार इंच असेल तर भार पडतो १६ चौरस इंचांवर. खाली दीड फूट लांब, एक फूट रुंद अशी दोन इंच जाड सागाची फळी घातली की तोच भार २१६ चौरस इंचांवर पसरतो. म्हणजे मातीच्या दर इंचावरचे ओझे तेराव्या हिश्शाहूनही कमी होते. हे गणित सातवीतले मूल करील. एम. ए. झालेल्या मामाने केले नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा, आणि त्याचे उत्तर मला अकोल्याच्या दुकानात नव्हे, आजोबांच्या बैलगाडीत सापडले. गाडी सोडली की जुवाखाली एक लाकडी टेकू देत, म्हणजे जू भुईला टेकत नसे. त्या टेकूला आपल्या भाषेत शिपाई म्हणतात. गाडी खांदा लावून उचलणारे दोन गडी असत. पण वंगण घालायचे असो की साटी ठोकायची, गड्यांच्या खांद्यावर गाडी ठेवून आजोबा कधी खाली वाकले नाहीत. आधी टेकू नीट बसला का ते पाहायचे आणि मग गड्यांना सोडायचे. म्हणायचे, "माणसाचा खांदा थकते, लाकूड थकत नाही." इंग्रजांनीही त्यांच्या यंत्राला माणसाचेच नाव दिले. जॅक हे त्यांच्याकडचे घरोघरचे नाव, आपल्या गणू-धोंडूसारखे. हरकाम्या पोऱ्या जे काम करी ते करणाऱ्या अवजारालाही तेच नाव पडले. त्यांचा जॅक उचलतो, आमचा शिपाई उभा राहतो. दोघांची कामे वेगळी, आणि मी एकाला आणून दुसऱ्याच्या जागी विटा ठेवल्या.

आजच्या शिपायाला बाजारात घोडी म्हणतात. लोखंडाचे तीन किंवा चार पाय, मधोमध वरखाली होणारा दांडा, आणि तो अडकवायला खटका नाहीतर खीळ. घेताना पाय रुंद आहेत का, सांध्यांचे वेल्डिंग अखंड आहे का आणि खीळ पुरती आरपार जाते का, एवढे पाहावे. जॅकने गाडी उचलायची, सांगाड्याखाली घोडी द्यायची, मग गाडी हळूच घोडीवर उतरवायची. घोडीच्या पायांखालीही फळी हवीच. तिचे पाय तर जॅकच्या तळापेक्षाही टोकदार. गाडी घोडीवर बसल्याशिवाय हात आत घालायचा नाही.

आणखी एक गोष्ट भाच्याच्या मिस्तरीने सांगितली ती सर्वांनी ध्यानात ठेवावी. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे ती हलणार नाही, असा आपला समज असतो. ऑटोचे मागचे एक चाक अधांतरी झाले की तो खोटा ठरतो. मागच्या दोन चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी जी चाकी आत असते, तिच्यामुळे वरचे चाक मोकळे फिरते आणि खालचे गाडीला घेऊन सरकू शकते. म्हणून जमिनीवरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी ठोकाव्यात. तिपाई कधी डुगडुगत नाही हे खरे, पण ती चौरंगापेक्षा लवकर कलंडते. ऑटोचेही तसेच आहे. तो शेवटच्या क्षणापर्यंत शांत उभा असतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

खर्चाचा हिशेब असा झाला. स्क्रूचा जॅक आठशे, घोड्यांची जोडी अठराशे, सागाच्या तीन फळ्या आणि चार पाचरी सुताराकडून पाचशेत. एकूण तीन हजार एकशे. पंधरा हजार बुडाल्यावर हे शहाणपण आले. ज्यांच्याजवळ एवढेही पैसे नसतील त्यांनी जॅक उसना आणावा, पण घोडी स्वतःची घ्यावी. आमच्या आळीत आता ही जोडी चार ऑटोंची झाली आहे; ज्याला लागेल तो सांगून नेतो आणि पुसून आणून ठेवतो.

यंदा खंडेनवमीला भाच्याने पाटावर पाने, पकड, जॅक आणि दोन्ही घोड्या मांडल्या. आक्काने सगळ्यांना हळदकुंकू लावले, फळ्यांनाही लावले. त्याची करंगळी अजून पुरती मिटत नाही. क्लच डाव्या हाताला असल्याने दिवसअखेरीस ठणकते म्हणतो. मला सांगत नाही, आक्काला सांगतो.

परवा दिवाळीच्या गर्दीआधी त्याने चाकांना ग्रीस घालायला काढले. ऑटो घोडीवर उतरवला आणि ओसरीकडे पाहून म्हणाला, "मामा, पाहून घ्या बरं एकदा." मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले, खाली उतरलो, फळ्या पाहिल्या, पाचरी पाहिल्या, खिळी पाहिल्या. मग दोन्ही हातांनी ऑटो दोनदा चांगला हलवून पाहिला. हलला नाही. तेव्हा त्याने हात आत घातला. त्याचे काम होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.