वाऱ्यावर भाजलेली नानकटाई

गेल्या काही वर्षांत आमच्या आर्वीसारख्या तालुक्याच्या गावीही ‘एअर फ्रायर’ नामक विजेचे यंत्र पुष्कळ घरांतून येऊन बसले आहे. पुण्या-मुंबईस किंवा परदेशी नोकरीस असलेली मुले सुट्टीत येतात, येताना असे काहीतरी बरोबर आणतात, आणि सुट्टी सरली म्हणजे मुले जातात व यंत्र राहते. मग त्याचे करावयाचे काय, हा प्रश्न मागे राहिलेल्या मंडळींवर पडतो. त्यात बिस्किटे होतात काय, आणि होत असल्यास बेकरीत सामान देऊन ती भाजून आणण्याची आपली जुनी वहिवाट सोडावी काय, असे आम्हांस ओळखीच्या अनेक गृहिणींनी विचारले. प्रश्न दिसावयास लहान आहे, तथापि तो तितका लहान नाही. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही त्यासच देत आहो.

प्रथम नावाचा विचार करू, कारण सारा घोटाळा नावातच आहे. फ्रायर म्हणजे तळणारा; आणि हे यंत्र तर काहीच तळीत नाही. त्याच्या माथ्यावर तापणारी तार असते, तिच्यावर पंखा असतो, आणि तापलेला वारा वेगाने खाली येऊन जाळीदार टोपलीतील पदार्थाभोवती फिरत राहतो. ही क्रिया तलन नव्हे, भर्जन होय. आमच्याकडे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात, त्याच जातीची ही कोरडी आच. फरक इतकाच की येथे राख नाही, धूर नाही, आणि चव घेऊन येणारी गोवरीही नाही. अमरकोशात भाजण्याच्या पात्रास कन्दु असा शब्द आहे, आणि अपूप करून विकणाऱ्यास कान्दविक म्हटले आहे. तेव्हा या यंत्रास ‘वातकन्दु’ म्हणावे, अशी सूचना आम्ही घरात केली. सूनबाईंनी ती आदराने ऐकून घेतली व यंत्रास पूर्वीच्याच नावाने हाक मारणे चालू ठेवले.

नाव चुकले म्हणजे अपेक्षाही चुकते. चकली आणि शंकरपाळे या यंत्रात घालून ‘तेलावाचून तळण’ झाले असे समाधान मानणारे आम्ही पाहिले आहेत. तळणीत तापलेले तेल पदार्थास चोहोंकडून वेढते, आतले पाणी बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते व काही तेल आत शिरते. खुसखुशीतपणा त्यातून येतो. वाऱ्याने ते साधत नाही. उलट बिस्किट हा मुळातच भाजण्याचा पदार्थ, म्हणून या यंत्रास तो खराखुरा योग्य. परंतु येथे दुसरा भ्रम आडवा येतो. एअर फ्रायरमधील म्हणून हे बिस्किट आरोग्यास हितकर, असे मधुमेही मंडळी एकमेकांस सांगताना ऐकू येते. तेलाची बचत ही तळणीच्या पदार्थांपुरती गोष्ट आहे. नानकटाईचे तूप पिठातच मळलेले असते. ते लाकडाच्या भट्टीत भाजा की वाऱ्यावर भाजा, जितके घातले तितकेच पोटात जाते, आणि साखरेचेही तसेच. यंत्र बदलले म्हणून पथ्य बदलत नाही.

मौजेची गोष्ट अशी की नानकटाई आणि हे यंत्र या दोहोंचे नाते एकाच देशाशी लागते. सुरतेस सतराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी वखार घातली. पुढे ते निघून गेले तेव्हा तेथील बेकरी दोटीवाला नावाच्या पारशी कुटुंबाकडे आली आणि तिच्यातून नानकटाई जन्मास आली, असे सांगतात. आणि एअर फ्रायर बाजारात आणला तो फिलिप्स या डच कंपनीने, २०१० साली, फ्रेड व्हान डर वाय या डच संशोधकाच्या कल्पनेवरून. खुद्द बिस्किट हा शब्द लॅटिन, व त्याचा अर्थ दोनदा भाजलेले, म्हणजे द्विःपक्व. त्या अर्थाने पाहता आपण चहात बुडवितो तो टोस्टच खरा बिस्किट. नानकटाईचे भाजणे एकदाच.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली तिच्याकडे येतो. आमच्या समाजात बिस्किटाने एके काळी मोठे वादळ उठविले होते, हे नव्या पिढीस ठाऊक नसेल. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेच्या निमित्ताने रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी जमली असता तेथे चहा व बिस्किटे पुढे करण्यात आली. कोणी घेतली, कोणी केवळ मान राखला. परंतु गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रातून प्रसिद्ध करविली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि भल्याभल्यांस प्रायश्चित्ते घ्यावी लागली. एवढ्या तेवढ्या पिठाच्या चकतीसाठी! आज हे वाचून हसू येते. पण त्या वादळाची झुळूक आमच्या घरातून अगदी परवापरवापर्यंत वाहत होती, हे आम्ही प्रत्यक्ष जाणतो.

आमच्या थोरल्या वहिनी आज चौऱ्यांयशी वर्षांच्या आहेत. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीपूर्वी मैदा, तूप व पिठीसाखर मोजून बांधणे, डब्यावर नावाची चिठ्ठी लावणे आणि मुलांस बेकरीत पाठविणे, हे काम चाळीस वर्षे त्यांनीच केले. मुले भट्टीशी बसून राहत, संध्याकाळी गरम डबे घेऊन येत, आणि वहिनी ती बिस्किटे मोजून चौदा ताटल्यांत वाटीत. स्वतः त्यांनी एकही कधी तोंडात घातले नाही. त्या थाळ्यांवर अंड्याचे पदार्थही भाजतात, ही त्यांची शंका. आणि खरे बोलावयाचे तर केवळ अंड्याची नव्हे, भट्टीवरच्या हाताचीही. अंड्याची शंका ज्याने त्याने आपल्या नेमाप्रमाणे धरावी, त्यात कोणी पडू नये. हाताच्या शंकेस मात्र आधार उरलेला नाही, व आमच्या मते तो पूर्वीही नव्हता. तथापि चौऱ्यांयशी वर्षांच्या बाईशी वाद घालून तिच्या तोंडी घास घालणे हा काही सुधारणेचा मार्ग नव्हे.

सूनबाईंनी गेल्या चैत्रात घरी नानकटाई केली तेव्हा नातू ताटली घेऊन वहिनींकडे गेला. “मोठ्या आजी, यात अंडे नाही. मी सगळे पाहत होतो.”

“तूप कोणते रे?”

“तुम्हीच कढवलेले.”

वहिनींनी एक नानकटाई उचलली, अर्धी मोडून त्याच्या हातावर ठेवली आणि अर्धी खाल्ली. मग विचारले, “भट्टीची अशीच लागते का?” आम्ही जवळच बसलो होतो. भट्टीची याहून बरी लागते, हे सत्य आमच्या जिभेवर आले होते. ते आम्ही गिळले.

ज्यांस करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी कृती देतो. मैदा १०० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, बारीक रवा १५ ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, घट्ट तूप ७० ग्रॅम, चिमूटभर मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, चमचाभर दही आणि वेलदोड्याची पूड. तूप व साखर आधी पांढरी हलकी होईपर्यंत फेसावी, मग उरलेले घालून हलक्या हाताने गोळा करावा. मळू नये, कारण मळल्याने मैद्यास चिवटपणा येतो व नानकटाई खुसखुशीत होत नाही. एवढ्यात दहा-अकरा नग होतात. आमच्या वऱ्हाड-वर्ध्याकडच्या वाचकांस विशेष सूचना ही की वैशाखात येथे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो व तूप डब्यातच पातळ असते. अशा तुपाची नानकटाई आचेवर पसरून धिरड्यासारखी होते. फेसण्यापूर्वी तूप गोठवून घ्यावे, आणि वळलेल्या चकत्याही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्या.

यंत्र आधी तीन-चार मिनिटे तापवावे. साध्या ओव्हनच्या कृतीत १७५ ते १८० अंश लिहिलेले असते. येथे १५० ते १६० पुरतात, कारण फिरता वारा उष्णता झपाट्याने पोचवितो. आच तेवढीच ठेविली तर वरचा भाग तांबूस होऊन करपू लागतो आणि पोट कच्चे राहते. हा तांबूसपणा म्हणजे साखर व प्रथिने यांचा संयोग. मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. खाली घालावयाचा कागद टोपलीहून लहान असावा, म्हणजे कडेने वारा खेळतो व तळ पांढरा राहत नाही. रिकाम्या यंत्रात नुसता कागद कधीही ठेवू नये. तो उडून तारेस चिकटतो व पेटतो. दोन चकत्यांत बोटभर अंतर ठेवावे. दहा ते बारा मिनिटांनी पाहावे. बाहेर काढताना नानकटाई मऊच असते. ती थंड होताना कडक होते, म्हणून आणखी भाजण्याचा मोह आवरावा. ज्वारीचे पीठ वापरावयाचे असल्यास निम्मी कणीक घालावी, नुसत्या ज्वारीची भुगा होते.

एवढे झाल्यावर हिशेबाचा प्रश्न. जन्मभर अंकगणित शिकविल्याने तो आम्हांस टाळता येत नाही. चार लिटरच्या टोपलीत एका वेळी आठ नानकटाया राहतात. दिवाळीस आमच्या घरी पाच किलो पीठ होते. पंचवीस ग्रॅमची एक धरली तर दोनशे नग, म्हणजे पंचवीस खेपा. खेपेस मांडणे-काढणे धरून पाव तास, म्हणजे सव्वासहा तास एका बाईने त्या यंत्रासमोर उभे राहावयाचे. चौदाशे वॉटचे यंत्र सारखे चालले तर पावणेनऊ युनिटांपर्यंत वीज जाईल, ती फारशी नव्हे. पण सव्वासहा तास कोणाचे? हा प्रश्न यंत्र विकणारा विचारीत नाही. हे यंत्र ज्याने योजले त्याच्या डोळ्यांसमोर तिघाचौघांचे घर होते, चौदा ताटल्यांचे नव्हते.

आणि भट्टीवाल्याकडे दोनशे नग म्हणजे काहीच नव्हे. विटांची भट्टी एकदा तापली की तिच्या भिंतीच उष्णता साठवून ठेवतात व ती वरून, खालून, बाजूंनी सावकाश सोडतात. चढत्या आचेत पाव, आच उतरू लागली की बिस्किटे, आणि शेवटच्या मंद आचेत टोस्ट वाळविणे, असा तिचा क्रम. आत हात घालून आच ओळखणारा मनुष्य तेथे उभा असतो. आकड्याची कळ फिरवून ते ज्ञान येत नाही. घरी आठ चकत्या सारख्या भाजताना किती लक्ष ठेवावे लागते हे पाहिल्यावर एकेका थाळीवर कितीतरी नग एका रंगाचे काढणाऱ्या त्या कारागिराविषयी आमचा आदर वाढला.

आमच्या जिल्ह्यास यंत्राचा विचार नवा नाही. वर्ध्यास मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योग संघाचे काम याच प्रश्नाभोवती उभे केले: यंत्र कोणाचे श्रम वाचविते आणि कोणाची भाकरी काढून घेते. गांधीजींनीही सरसकट सर्व यंत्रे त्याज्य मानली नाहीत. शिवणाच्या यंत्राचा अपवाद त्यांनी १९२४ साली बोलून दाखविला होता. आमच्या घरच्या यंत्रास आम्ही हीच कसोटी लावली. वहिनींसाठी आठ नानकटाया करणे, किंवा साखर वर्ज्य असलेल्या कोणासाठी गोडावाचून चार चकत्या वेगळ्या भाजणे, हे त्याचे काम. ते काम भट्टी करूच शकत नव्हती. दिवाळीचे पाच किलो पीठ मात्र बेकरीतच जाईल. भट्टीवाल्याची किलोमागची मजुरी त्यास मिळेल, आणि मुलांस तेथे बसून राहण्याची एक संध्याकाळही मिळेल.

सूनबाईंनी यास संमती दिली आहे. वहिनींनी एकच अट घातली आहे: सामान पूर्वीप्रमाणे त्याच मोजून देणार, आणि डब्यावरची चिठ्ठीही त्यांच्याच हातची असणार.