वणव्याचा जमाखर्च

८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात वणवा विझविताना तीन वनमजूर होरपळून मृत्युमुखी पडले आणि दोघे गंभीर जखमी झाले. आटोक्यात आलीशी वाटणारी आग वाऱ्याने पुन्हा उसळली व हे लोक तिच्या कोंडीत सापडले. ते रोजंदारीवरील हंगामी मजूर होते. वणव्यांविषयीच्या संशोधनात उपग्रहाने टिपलेले आगीचे ठिपके मोजले जातात, जळालेले क्षेत्र मोजले जाते. विझविणारा माणूस किती दिवसांच्या रोजीवर होता, हे क्वचितच मोजले जाते.

गोंदिया शहराला खेटून असलेल्या कुडव्यासारख्या गावी वणवा ही वर्तमानपत्रातील बातमी असते. परंतु हा दुरावा फसवा आहे. गोंदियाचा व्यापार ज्या विडीवर वाढला तिचे पान जंगलातून येते. हा जिल्हा धानाचा, आणि धानाला पाणी पुरविणारे मालगुजारी तलाव वरच्या रानावर विसंबलेले. डोंगरउतारावरील पालापाचोळा जळून जमीन उघडी पडली की पहिल्या पावसात माती वाहून जाते आणि तलाव गाळाने भरतो. त्या गाळाचा हिशेब वणव्याच्या नुकसानीत कोणी धरत नाही.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांनुसार देशातील एक तृतीयांशाहून अधिक वनाच्छादन वारंवार वणवा लागण्याच्या धोक्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने फेब्रुवारी २०२२ मध्ये असा अंदाज वर्तविला की जगातील अतितीव्र वणव्यांची संख्या २०३० पर्यंत १४ टक्क्यांनी, तर शतकाअखेरीस ५० टक्क्यांनी वाढेल. पूर्व विदर्भाच्या पानझडी रानात कारण-परंपरा सरळ आहे. फेब्रुवारीपासून पाने गळतात, उन्हाचा कडाका वाढला की ती अधिक वाळतात, आणि पूर्वी रात्रीच्या गारव्यात आपोआप विझणारी आग आता रात्रभर धुमसत राहू शकते. हवामान-बदल काडी ओढत नाही; पडलेली काडी विझू देत नाही. त्याच अहवालात एक आकडा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे: वणव्यांवरील सरकारी खर्चापैकी निम्म्याहून अधिक रक्कम आग लागल्यानंतर खर्च होते, पूर्वनियोजनावर एक टक्काही नाही. दोन तृतीयांश रक्कम आगीपूर्वीच्या तयारीवर आणि आगीनंतर रान सावरण्यावर खर्चावी, अशी त्याची शिफारस आहे.

मग काडी ओढतो कोण? ‘बहुतेक वणवे मानवनिर्मित’ हे उत्तर तयार असते आणि ‘मानव’ म्हणताच बोट मोहफुले वेचणाऱ्या बाईकडे वळते. मोहाखालचा पाला जाळून जागा साफ केली जाते, ती आग कधीकधी पसरते, हे खरेच आहे. ते नाकारण्यात हशील नाही. पण तेंदूपत्त्याचे काय? तेंदूच्या झुडपाला कोवळी, मोठी पाने फुटावीत म्हणून हंगामापूर्वी छाटणी करावी लागते. छाटणीला मजुरी लागते, आगीला लागत नाही. ज्या ठेकेदाराचा जंगलाशी संबंध एका हंगामापुरता, त्याला पुढच्या दहा वर्षांत त्या रानाचे काय होते याचे सोयरसुतक असण्याचे कारणच नाही. वैयक्तिक दुष्टपणाचा हा प्रश्न नव्हे. मालकीहक्काची जी रचना असेल तशीच माणसे वागतात.

ही रचना इंग्रजी अमदानीतून आली. गोंदिया-भंडाऱ्याचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता आणि याच प्रांतातील बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात कॅप्टन पिअर्सनने वणवा-बंदीचा पहिला यशस्वी प्रयोग केला. लाकूड राखायचे होते, त्यात गावकऱ्याची आग गुन्हा ठरली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील कलम २६ पाहावे. राखीव जंगलात कोणी हेतुपुरस्सर वा घोर निष्काळजीपणे आग लावली, तर त्या भागातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क स्थगित करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. आग एकाची, शिक्षा गावाची! उलट कलम ७९ नुसार हक्कदार गावकऱ्याने आग विझविण्यास धावून जाणे बंधनकारक. त्या श्रमाचा मोबदला मात्र ते कलम बोलत नाही.

याच्या शेजारी चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण ठेवावे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली या छोट्या गावाला हजारेक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क हाती येताच ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. त्यासाठी झाडांची छाटणी होते, आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळे माणसांना व पाखरांना मिळत नाहीत, हा त्यांचा हिशेब होता. हातचे रोख उत्पन्न सोडण्याची ऐपत बांबूने दिली. प्रत्येक गावाला हे जमेल असे नाही; जेथे बांबू नाही तेथे तेंदू सोडा म्हणणे हा शहरी उपदेश ठरेल. परंतु तेथेही लिलाव ग्रामसभेने केला तर ‘आग लावणार नाही, छाटणीची मजुरी देईन’ ही अट ठेकेदाराकडून लिहून घेता येते.

आणि प्रत्येक आग शत्रू असते, हेही तपासून पाहण्यासारखे आहे. कर्नाटकातील बिळिगिरी रंगस्वामी डोंगरातील सोलिग आदिवासी उन्हाळ्याच्या आरंभी पालापाचोळ्याची हलकी आग लावीत. ती बंद झाल्यावर घाणेरी माजली, असे त्यांचे वृद्ध सांगतात, आणि अभ्यासकांनी ते म्हणणे गांभीर्याने घेतले आहे. नागझिऱ्याच्या भोवतीच्या गोंड, हलबी वस्त्यांतील जाणत्यांना असा प्रश्न विचारण्याचे शास्त्र आपल्या विद्यापीठांत अद्याप रुजायचे आहे.

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. भरपाई वनीकरण निधीचा कायदा २०१६ चा. २०१८ च्या नियमांत वणवा-प्रतिबंध हे त्या निधीतील खर्चाचे मान्य शीर्षक आहे. जंगल तोडल्याच्या भरपाईचा हा पैसा वनखात्याकडे जातो. तो सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांकडे वळवावा, फेब्रुवारी ते जून या काळातील अग्निरक्षकांची नेमणूक ग्रामसभेने करावी, त्यांना किमान वेतन, विमा आणि आगीत शिरण्याजोगा पोशाख मिळावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी जानेवारीच्या ग्रामसभांतच ठरावाच्या रूपाने मांडली पाहिजे. कारण तेंदूचे करार आणि जाळरेषांची कामे त्यानंतर लगेच सुरू होतात.