कासेचा आकार आणि दुधाचे माप

संपादक महाशयांस,

ज्या गाईची कास घागरीएवढी नाही ती पोसणे म्हणजे पेंढ्याची नासाडी होय, असा जो मजकूर गतांकातील पत्रलेखकांनी लिहिला आहे, त्यास माझी सक्त हरकत आहे. कास ही दुधाची पखाल नव्हे. लिटरभर दूध होण्यास सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त तिच्यातून वाहावे लागते. सबब धारेपूर्वी ती किती फुगली आहे यापेक्षा, धार काढल्यावर रिकाम्या पिशवीप्रमाणे सैल पडून सुरकुतते की मांसाच्या गोळ्यासारखी तशीच राहते, हे पाहावे. मांसल कास डोळ्यांत भरते, चरवी भरीत नाही. शिवाय पान्हा पाच-सात मिनिटांत ओसरतो, आणि बिथरलेली गाय भरल्या कासेतले दूधही आत चोरते.

संकरित गाय अधिक दूध देते, हे निर्विवाद. परंतु आपल्या खारेपाटाच्या दमट उष्म्यात ती धापा टाकीत वैरण सोडते, आणि तिची लोंबती कास पावसाळी चिखलात माखते. मोठ्या कासेस भुलून मी घेतलेल्या अशाच एका गाईचे दोन सड कासदाहाने कायमचे गेले. धारेच्या वेळी तिने फोडलेला हंबरडा अद्याप माझ्या कानांत आहे. २०१८ साली राष्ट्रीय नोंदणी लाभलेली आपली कोकण कपिला दिवसास दोन-अडीच लिटरच दूध देते, कासही लहान. पण डोंगरउतारावर चरून ती इथला पाऊस सोसते. तिला निरुपयोगी ठरविण्यापूर्वी पत्रलेखकांनी वैरण आणि औषधपाणी यांचा वर्षभराचा जमाखर्च मांडावा.

आपला,
चौल येथील एक गोपालक