टोपपदर आणि पांढरा सदरा

पावसाळा सरला, की आमच्या सासूबाई माडीवरची ट्रंक उघडतात. एकेक इरकल लुगडे सावलीत दोरीवर पसरले जाते. अंजिरी, डाळिंबी, काळी चंद्रकळा. गतवर्षी त्यांतील डाळिंबी लुगडे उलगडताना घडीवरच चिरले. लग्नानंतर ते दोन-तीनदाच नेसले गेले होते. सासूबाईंनी त्याची पुन्हा घडी घातली आणि एवढेच म्हणाल्या, “नेसून विरले असते, तर वाईट वाटले नसते.”

यंदा ट्रंक उघडली, तेव्हा माझी सून सुटीसाठी पुण्याहून आली होती. तिने अंजिरी लुगडे अंगाला लावून पाहिले आणि विचारले, “आजी, पेढीवरच्या वहीपूजनाला मी हे नेसू?” सासूबाईंना आनंद झाला, पण त्यावरचे पोलके त्यांच्या सतराव्या वर्षीच्या मापाचे. दिवाळीच्या तोंडावर नवे पोलके शिवून देणारा शिंपी कोठून आणावा? सून म्हणाली, “माझा ऑफिसचा पांढरा शर्ट आहे ना.” त्यावर खोलीत काही क्षण कोणीच बोलले नाही.

मला मात्र त्या क्षणी एक गोष्ट उमगली. लुगडे आजीला होते, सुनेला होते, नातसुनेलाही होते. अडते ते पोलक्यापाशी. आपल्या कपाटांतील निम्म्या साड्या आवड नाही म्हणून नव्हे, तर पोलके बसत नाही म्हणून पडून आहेत.

‘पूर्वी असले मिश्रण नव्हते’ असे आपण सहज म्हणून जातो. वाचकहो, आपल्या पेढीवरील आजोबा-पणजोबांचे छायाचित्र एकदा नीट पाहावे. खाली धोतर, वर इंग्रजी कापाचा कोट, खांद्यावर उपरणे, डोक्याला पगडी किंवा काळी टोपी आणि पुष्कळदा पायांत बूट! त्या वेषात त्यांनी उभा जन्म व्यापार केला आणि कोणालाही तो विसंगत वाटला नाही. पोलक्याचीही कथा अशीच आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेतील पहिले भारतीय अधिकारी. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ च्या सुमारास मुंबईस आल्या. येथील पारशी स्त्रियांची नेसण त्यांनी आपलीशी केली आणि तिच्यासोबत ब्लाउज व पेटीकोट घालण्याची रीत बंगालमध्ये नेली. आज ज्याला आपण परंपरेचा वेष समजतो, त्यातील ब्लाउज हा शब्दसुद्धा पाहुणाच आहे.

अर्थात, कशावरही काहीही घातले म्हणजे ते शोभते असे नाही. इरकलीवर सदरा घालायचा, तर तो अगदी साधा असावा. पांढरा किंवा फिका, पॉपलिनचा, खांद्याची शिवण खांद्यावरच बसणारा. तो परकराच्या नाडीखाली सपाट खोचावा. कमरेशी घोळ जमला, की निऱ्या फुगतात. पदराच्या चुण्या बारीक घ्याव्यात, म्हणजे सदऱ्याची कॉलर दिसते आणि पाठीमागे लाल-पांढरा टोपपदर मोकळा राहतो. इरकलीचे सारे वैभव त्या पदरात आहे. त्याला झाकणारे जाकीट वरून घालू नये. जाड जीन्सवर निऱ्या खोचण्याचा प्रकार हल्ली दिसतो. माझ्या मते तो निव्वळ हट्ट आहे. साधा परकरच बरा.

जीन्स ज्यांना सोडवत नाही, त्यांच्यासाठी खण आहे. गुळेदगुड्डच्या खणाचे बिनबाह्यांचे जाकीट पांढऱ्या सदऱ्यावर कचेरीतही खुलते. खणाचा पन्हा अरुंद असल्याने शिंप्याला जोड द्यावा लागतो. तो पाठीवर घ्यावा आणि काठ पुढच्या कडांना आणावेत. बांधणीची ओढणी असेल, तर खाली एकरंगी टीशर्ट हवा, चट्ट्यापट्ट्यांचा नको. तिच्यावर इस्त्री मात्र फिरवू नये. गाठींनी उठलेल्या बारीक सुरकुत्या सपाट झाल्या, की बांधणी निर्जीव दिसते.

साडीवर कमरपट्टा बांधण्याची चाल सध्या जोरात आहे. तो पट्टा बहुधा चामड्याचा असतो आणि आपल्या अनेक घरांत चामडे वर्ज्य. खणाच्या उरलेल्या काठाचा पट्टा शिवून घेतला, तर तो अधिकच शोभतो. पायांत कापडी बूट चालतात. रेशीम न वापरणाऱ्या कुटुंबांनी सुती इरकल घ्यावी. तीतही काठापदराला खरे रेशीम आहे की कृत्रिम, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. आपणही दुकानदारच, विचारण्यात संकोच कसला?

जुनी साडी कापून ड्रेस शिवावा का, असे अनेक भगिनी विचारतात. इरकलीच्या अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे वेगवेगळे असतात. विणकर ते फासे घालून एकमेकांत गुंतवतो, आणि मग पदर विणतो. धडधाकट लुगड्यावर कात्री चालवायला माझा हात तरी धजत नाही. फाटलेले असेल, तर गोष्ट वेगळी. आमच्या डाळिंबी लुगड्याची चिरलेली बाजू काढून टाकून उरलेल्यातून दोन ओढण्या झाल्या. एक लेकीकडे गेली, एक सुनेकडे.

वहीपूजनाच्या संध्याकाळी सून अंजिरी लुगडे आणि पांढरा सदरा घालून पेढीवर आली. नातेवाइकांपैकी एकदोघींच्या भुवया उंचावल्या. सासूबाई गादीच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावले, पदर खांद्यावर नीट केला, वरपासून खालपर्यंत एकवार पाहिले आणि म्हणाल्या, “बाही आणखी एक घडी वर घे. पाटल्या दिसत नाहीत.”